बापाचं डोकं कोण मोजणार?

अन्याय माझ्या ताईवर झाला. मागच्या वर्षी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी हळदीकुंकवाच्या वेळी, खालापूर तालुक्यातल्या तिच्या सासरच्या ओटीवर. शेजारच्या बायका प्रसादाची केळी हातात घेऊन बसल्या होत्या. ताईच्या मांडीवर तिची पाच महिन्यांची मुलगी होती. सासूनं त्या मुलीचं टोपडं काढलं, टाळूवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा गं, डोकं केवढंसं हाय. बाळंतपण माहेरी झालं ना! तिकडं टाळूच भरली नाय. आता मेंदू कशाचा वाढतोय?"

दुसऱ्या दिवशी दाजींनी ताईला आणि बाळाला मोटारसायकलवर बसवलं आणि कर्जतच्या अलीकडं आमच्या गावी आणून सोडलं. आत आले नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही. "आई म्हणते, पोरीचं नीट झालं की आणून सोडा," एवढं बोलून त्यांनी गाडी वळवली.

ही सासू कोण, तेही सांगते. माझ्या वडिलांची सख्खी मोठी बहीण. आमची आत्या. आमच्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीनं ताईचं लग्न आतेभावाशी झालं. लग्नात सगळे म्हणत होते, घरातली पोर घरातच गेली, आता काळजी नाय. म्हणजे ज्या माहेरानं टाळू भरली नाही असं आत्या चारचौघींत म्हणाली, ते तिचंही माहेर. त्याच घरात तिचा जन्म, तिथंच तिचं स्वतःचं डोकं तेल घालून वळवलेलं. हे त्या ओटीवर बसलेल्या एकीलाही सुचलं नाही. ताईलासुद्धा नाही. तिनं नुसतं टोपडं परत बांधलं.

मुळात घडलं होतं एवढंच, की त्याआधी सासरच्या गावात लहान मुलांची तपासणी झाली होती. तिथल्या नर्सताईंनी बाळाच्या डोक्याभोवती टेप धरली, तक्त्यावर खूण केली आणि सांगितलं, "डोक्याचा घेर जरा कमी वाटतोय. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या." साधी सूचना. दाखवून घ्या म्हणजे दाखवून घ्या. पण आत्याच्या घरात ही सूचना शिरली आणि तिचा निकाल झाला. डोकं लहान म्हणजे मेंदू कमी. मेंदू कमी म्हणजे पोर येडी. पोर येडी म्हणजे चूक आईची. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करतात, म्हणून आईची चूक म्हणजे माहेरची चूक. बाळ जिथं जन्मलं तिथलंच सगळं, असा हिशेब. बाप त्या हिशेबात कुठंच नाही. जणू तो फक्त पेढे वाटायला आला होता.

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं मी लिहिते. ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटत नाही, साप चावला तर आधी दवाखाना, असली. कर्जतच्या स्टँडवर उभं राहून वाटते. लोक घेतात, घडी करून खिशात ठेवतात. मला वाटायचं, निदान आमच्या घरात तरी हे झिरपलं असेल. कसचं काय!

ताई आली त्या दिवसापासून आईनं खोबरेल तेलाची वाटी हातातून खाली ठेवली नाही. सकाळ-संध्याकाळ बाळाच्या टाळूवर तेल थापायची आणि वरून फडकं बांधायची. बाळ वैतागून ओरडायचं. एकदा मी वाटी उचलून फळीवर ठेवली, तर आई माझ्यावरच आली.

"दे इकडं ती वाटी."

"आई, तेलानं मेंदू वाढत नाही."

"तुला काय म्हाईत? तुला पोर हाय?" मग तिचा आवाज खाली आला. "मीच कमी पडले गं. लावणीचे दिवस होते. मालीशवाली चिखलात, मी चिखलात. रोज तेल घालायला पायजे होतं, मी एक दिवस आड घातलं. आक्का बोलली ते खोटं नाय."

तेव्हा मला कळलं की आत्यानं एकाच वाक्यात दोन बायांना आडवं केलं होतं. माझी आई, जिनं पावसात दिवसभर वाकून भात लावलं आणि घरी येऊन बाळाला न्हाऊ घातलं, ती स्वतःला गुन्हेगार समजत होती. बाबा मात्र सकाळी उठून गोठ्यात जात होते आणि कुणाशीच बोलत नव्हते. एका बाजूला बहीण, एका बाजूला मुलगी. बाबांनी तिसरी बाजू निवडली होती, गाईची.

आठवड्यानं दाजींचा फोन आला. ताईनं स्पीकर लावला. "आई म्हणते, डॉक्टरकडनं लिहून आण, पोरगी शाळेत शिकेल असं. मग बघू."

"आणि डॉक्टरनं नाही लिहिलं तर?" ताईनं विचारलं.

दाजी म्हणाले, "आई दुसरं बघायचं बोलतेय. मी नाय बोलत. आई बोलतेय."

पाच महिन्यांचं बाळ पुढं शाळेत शिकेल असं जगातला कुठला डॉक्टर लिहून देईल? पण आता गोष्ट ओटीवरच्या टोमण्याची राहिली नव्हती. ताईचं घर राहतं की जातं, आणि या मुलीला बाप राहतो की नाही, हे तिच्या डोक्याच्या घेरावर येऊन थांबलं होतं.

मी ताईला आणि बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टर बाई होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी आधी बाळाला मोजलंच नाही. प्रश्न विचारले. दिवस गेलेले असताना ताप, अंगावर पुरळ? नाही. जन्मल्याबरोबर रडली? ताई म्हणाली, "रडली? दवाखाना दणाणला होता." कुशीवर वळते? वळते. आवाजाकडं बघते? हसते? तेवढ्यात बाळानं त्यांच्या गळ्यातली नळी ओढली. डॉक्टर म्हणाल्या, "बरं, हात पोचतो म्हणायचा."

मग विचारलं, "लग्न नात्यातलं?"

"हो. आतेभाऊच आहेत हे," ताई म्हणाली.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. हा दुसरा 'बरं' मला आवडला नाही. मी सरळ विचारलं, "बरं म्हणजे काय? आम्हाला स्पष्ट सांगा."

त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते मी इथं माझ्या भाषेत मांडते, कारण हे कुणी आम्हाला शाळेत सांगितलं नव्हतं.

कवटी वाढते म्हणून आत मेंदू वाढतो, असं नसतं. मेंदू वाढतो आणि तो आतून कवटीला ढकलतो. म्हणून तर बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात आणि टाळू मऊ असते. ती वरून तेलानं भरायची नसते, ती आपली आपण भरते. डोक्याचा घेर मोजायचा तो मेंदू केवढा झालाय याचा अंदाज घ्यायला. आणि मेंदू केवढा होणार यातलं बरंचसं रक्तातून येतं, उंची येते तसं. त्याचा एक जनुक नसतो. कितीतरी जनुकांमधले बारीक बारीक फरक असतात, गुणसूत्रांवर इथंतिथं विखुरलेले, आणि एकेकाचा परिणाम चिमूटभर. त्यांची बेरीज होते. त्यातले अर्धे आईकडून येतात, अर्धे बापाकडून. एखाद्या घराण्यात डोकी लहानच असतात, एखाद्यात मोठी असतात, आणि दोन्ही घराण्यांतली माणसं शेती करतात, नोकरी करतात, भांडतात, निवडून येतात. ही झाली एक शक्यता.

दुसरी शक्यता वेगळी आणि अवघड. कधी एखाद्या एकाच जनुकात मोठा बिघाड असतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, माणसाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण आईकडून बिघडलेली प्रत आली आणि बापाकडूनही तीच आली, तर बाळाच्या मेंदूची वाढ मागं पडते. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडं एकाच पूर्वजाची तीच प्रत असण्याचा धोका वाढतो. "अशा लग्नांतली बहुतेक मुलं ठणठणीत असतात," डॉक्टर म्हणाल्या. "पण मला विचारावं लागतं, आणि तुम्हाला माहीत असावं लागतं."

"मग आमचं यातलं कुठलं?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येणार. तक्त्यावरची बाळाच्या वाढीची रेषा काही महिने बघावी लागेल. डोकं लहान असूनही आपल्या रेषेला धरून वाढत राहिलं, बाळ वेळेवर बसलं, बोलायला लागलं, तर घराण्याचं वळण. रेषेपासून खाली खाली घसरायला लागलं, तर पुढच्या तपासण्या, जनुकांचीसुद्धा. आणि आईवडिलांची डोकी मोजायची."

त्यांनी बाळाचं डोकं मोजून तक्त्यावर खूण केली, मग तीच टेप ताईच्या कपाळावरून मागं नेली, कानांच्या वरून. "तुमचंही लहान आहे."

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याकडनंच?"

"तुमच्याकडूनही असेल. वडील कुठं आहेत?"

"आले नाहीत."

"मग अर्धीच तपासणी झाली," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी बाळाला टोपडं घातलं.

परत येताना नेरळच्या बाजूचा एक टेंपो मिळाला. मागं भाजीच्या रिकाम्या क्रेटवर आम्ही दोघी बसलो. ताई म्हणाली, "झालं. आत्याचंच खरं ठरलं."

"कसं ठरलं?"

"माझं डोकं लहान निघालं ना!"

मला राग आला. हीच ताई. मला भागाकार हिनं शिकवला, पाढे पाठ असावेत तशी बीजगणिताची सूत्रं हिला पाठ होती, कॉलेजात असताना गावातल्या पोरींना फुकट शिकवायची. तिचं डोकं तेव्हाही एवढंच होतं. पण मला एक गोष्ट त्या क्रेटवर बसून स्वच्छ दिसली. अर्धी तपासणी ही न झालेल्या तपासणीपेक्षा वाईट असते. दोघांपैकी एकीलाच मोजलं तर दोष एकीतच सापडणार. दुसरं माप घेतल्याशिवाय ताईची सुटका नव्हती.

माप घ्यायचा मला मनापासून तिटकारा आहे. इंग्रजांच्या राज्यात साहेब लोक इथल्या माणसांची नाकं मोजायचे, डोकी मोजायचे, आणि त्यावरून कोण वरच्या जातीचा, कोण खालच्या, ते कागदावर लिहायचे. डोकं मोठं त्याची अक्कल मोठी, हा त्यांचाही आवडता समज. डॉक्टरांना मी ते विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हजारो माणसं एकत्र घेतली तर मेंदूचा आकार आणि बुद्धी यांचा थोडा संबंध दिसतो, पण तो एवढा पातळ असतो की समोरच्या एका माणसाचं डोकं मोजून त्याच्या हुशारीबद्दल काहीच सांगता येत नाही. एक माणूस, एक डोकं, काहीच नाही. तरी मी टेप पिशवीत टाकली. कुणाला वर-खाली लावण्यासाठी नाही, तर एकटीवर टाकलेलं ओझं दोघांत वाटण्यासाठी.

बाबांना सांगितलं, "उद्या खालापूरला जायचंय. आत्याचं आणि दाजींचं डोकं मोजायला."

"येडी झालीस काय गं? दोन घरं तुटतील."

"बाबा, एक तुटलंच आहे. ते बघा, पडवीत बाळाला झोपवतंय."

बाबांनी पडवीकडं बघितलं. सकाळी मी निघाले तेव्हा ते धुतलेली टोपी घालून दारात उभे होते.

चौकपर्यंत शेअर रिक्षा, तिथून लोधिवली ओलांडून पुढं. पौष लागला होता, बांधाबांधावर वालाला शेंगा धरल्या होत्या. आत्या ओटीवर सुपात त्याच शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"आलात? वाढलं काय पोरीचं डोकं?"

"वाढतंय," मी म्हटलं. "तुझं मोजायला आलोय."

"माझं? मला काय धाड भरलीय?"

"तेच बघायचंय."

"बघ रं बघ, तुझी पोर कशी बोलते. पत्रकं वाटून वाटून हिचंच डोकं फिरलंय."

"फिरलंय तर फिरू दे," बाबा म्हणाले. ते तिच्या समोर पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "घे गं, पयलं माझं घे."

मी घेतलं. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं, भुवयांच्या वरून, मागं जिथं डोकं सगळ्यात बाहेर येतं तिथून. लहान. ताईएवढंच म्हणा ना.

बाबा आत्याकडं बघून म्हणाले, "आक्का, दादांची, आपल्या बापाची टोपी आठवते काय? कर्जतच्या बाजारात एक टोपी बसायची नाय त्यांना. दुकानदार बोलायचा, शेट, पोरासोरांतली दाखवू काय? शेवटी शिंप्याकडनं शिवून घ्यायचे."

आत्या फसकन हसली. "अन् त्या दुकानदाराला ते बोलायचे, टोपी मोठी हाय तुझी, माझं डोकं बराबर हाय." मग ती हसायची थांबली. "पण त्याचं अन् हिचं काय?"

"तुझा बाप तो माझा बाप," बाबा म्हणाले. "तुझ्या पोराचा आजा, माझ्या पोरीचा आजा. आता त्या बाळाचं डोकं कुणाकडनं आलं, ते तूच सांग मला."

बाबा एवढं सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

आत्यानं सूप बाजूला सरकवलं. "घे मोज," म्हणाली आणि अंबाडा सोडला, जसं काही इंजेक्शनच घ्यायचंय. मी मोजलं. लहान. तेवढ्यात दाजी पहिल्या पाळीवरून आले. गाडीच्या आरशाला कंपनीचं पिवळं हेल्मेट लटकत होतं. आम्हाला बघून दारातच थबकले.

"ये, बस. तुझाच नंबर हाय," आत्या म्हणाली.

दाजी बसले. टेप लावताना हसण्यावारी न्यायला बघत होते. "लहानच हाय गं माझं. हेल्मेटचा पट्टा शेवटच्या खाचेवर असतो, तरी वाकलो की डोळ्यावर येतं. पोरं चिडवतात, आतमधे टॉवेल घाल." मग मी आकडा वाचला. त्यांनी हळूच विचारलं, "मग... माझ्याकडनं?"

"तुमच्याकडनंपण."

"आन् ते दुसरं? बिघाडाचं? ती सांगत होती फोनवर."

"ते अजून कळायचंय. पण तसं असलं तर तेही दोघांकडनं. एक प्रत तिची, एक तुमची. एकट्या बाईकडून ते होऊच शकत नाही, दाजी."

आत्या एकदम उसळली. "म्हंजे आमी सगळी येडी काय? माझा बाप येडा, मी येडी?"

"मग तूच सांग ना!" मी म्हटलं. "फार्महाऊसवाल्याचा दलाल तुझा बांध सरकवायला आला होता, त्याला तलाठ्यासमोर गप्प कुणी केलं? हे एवढंसं डोकं घेऊनच ना?"

आत्यानं अंबाडा बांधला. पुन्हा शेंगा पुढं ओढल्या. चारपाच सोलल्या. आणि मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. समाधान. "माझ्या बापाचं डोकं हाय ते," ती म्हणाली. "माझ्या बापावर गेलीय पोर. लहान होतं, पण काय चालायचं!"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोष होता तोवर तो ताईचा होता. वारसा निघाला तसा तो आजोबांचा झाला. मधल्या मधे ताई दोन्ही वेळा गायब. तिच्या माथ्यावर मारलेला शिक्का आत्यानं पुसला नाही, नुसता आपल्या बापाच्या फोटोला हार म्हणून घातला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. दलालाचं ऐकून आई चक्क हसली आणि तिनं तेलाची वाटी स्वतःहून मोरीत नेऊन घासली. ताईनं मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्या चुकलं म्हणाली?"

"नाही."

"मग मी जात नाही. पुढच्या तपासणीला ते येऊ देत. बापानं येऊन बसायचं, मोजून घ्यायचं, डॉक्टर बोलतील ते स्वतःच्या कानानं ऐकायचं. आई काय म्हणते ते मला फोनवर सांगायचं नाही." बाळ तिच्या खांद्यावर होतं. ताईचा आवाज जराही हलला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मला माझी भागाकार शिकवणारी ताई दिसली.

दाजी आले. रजा टाकून आले. दवाखान्याच्या बाकावर, बायकांच्या रांगेत, एकटे पुरुष. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, औषधाचं दुकान पलीकडं हाय." दाजी म्हणाले, "मी पोरीचा बाप हाय, मावशी." पुढच्या वेळीही आले. होळीच्या आधीच्या तपासणीला बाळ आधाराशिवाय बसत होतं, आणि डॉक्टरांनी डोक्याला लावलेली टेप ओढून तोंडात घालत होतं. रेषा खालीच होती. पण आपल्या वाटेनं, न घसरता वर चढत होती. डॉक्टरांनी तीन मापं शेजारी शेजारी ठेवली, आईचं, बापाचं, बाळाचं. "घराण्याचं वळण दिसतंय," त्या म्हणाल्या. "तरी मोजत राहू. आणि पुढच्या मुलाचा विचार करण्याआधी दोघांनी मिळून जनुकीय सल्ल्यासाठी जायचं. नातं जवळचं आहे."

"आईला आता नातू पायजे..." दाजी सुरू झाले.

"आईला मी सांगते," ताई म्हणाली.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण ही गोष्ट ऐकणारे सगळे इथंच सुटकेचा श्वास सोडतात आणि म्हणतात, बरं झालं, पोर चांगली निघाली, ताई सुटली. नाही. रेषा वर चढली म्हणून ताई निर्दोष ठरली नाही. रेषा घसरली असती, तो दुसरा बिघाड निघाला असता, बाळ उशिरा बसलं असतं, कधीच शाळेत गेलं नसतं, तरी ताई तेवढीच निर्दोष होती. आणि ते बाळ तेवढंच आमचं होतं. माझ्या आईला हे कळायला सगळ्यात कमी वेळ लागला. ती म्हणाली, "कशी का असेना, आपली हाय. पण तसं असतं तर तो आला असता काय गं, रजा टाकून?"

होळीला ताई सासरी गेली. मी सोबत होते. त्याच ओटीवर त्याच बायका नैवेद्याची ताटं घेऊन आल्या. आत्या नातीला कडेवर घेऊन मिरवत होती. "माझ्या बापावर गेलीय. तेच डोकं, तीच जिद्द." बायका हसल्या. ताई पुढं झाली.

"आत्या, त्या गुरुवारी तू यांच्यासमोर बोललीस, माझ्या आईनं टाळू भरली नाय म्हणून. ते चूक होतं, असं यांच्यासमोर बोल."

आत्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आत चुलीकडं बघितलं. "बरं बाई. चुकलं माझं. बस? पोळी करपतेय माझी." आणि आत गेली.

केवढीशी माफी! पण सगळ्यांनी ऐकली, आणि ताईनं ती घेतली.

मी निघाले तेव्हा त्या बायकांतली एक तरुण बाई फाटकापर्यंत आली. पदराखाली तान्हं बाळ होतं. मागं कुणी नाही असं बघून म्हणाली, "आमच्याकडंबी हेच चाललंय. याचं डोकं मोठं हाय बोलतात, पाणी भरलंय बोलतात, माझ्या खाण्यानं झालं बोलतात. डॉक्टर बोलले, नवऱ्याला घेऊन ये. तो बोलतो, माझं काय काम?"

तिच्या नवऱ्याला मी ओळखत नाही. पण तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या घरात, वाडीत, सोसायटीत असा एक बाप नक्की आहे. बाळ लहान डोक्याचं असो, मोठ्या डोक्याचं असो, पुढच्या तपासणीला त्याला पाठवा. रजा काढायला लावा, बाकावर बसायला लावा. आणि तो बाप तुम्हीच असाल, तर हा कागद खाली ठेवा, बाळाला उचला, दवाखान्यात जा आणि कुणी विचारायच्या आधी स्वतः म्हणा: माझंही डोकं मोजा.